सुरीआधीचे इंजेक्शन

हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला गेले, तेव्हा खाटेशेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत मला विचारले, "मॅडम, सलाईन काहून काढलं जी? टाके तर अजून ओलेच आहेत." हिंगणघाटच्या पुढच्या एका गावाहून त्या आल्या होत्या. नवऱ्याच्या जांघेत जाळी बसवलेली, जखम कोरडी, ताप नाही, रात्री माणूस शांत झोपलेला. आमच्या दृष्टीने सगळे जागच्या जागी होते. पण शेजारच्या खाटेवर आतड्याला छिद्र पडून आलेला एक मुलगा होता आणि त्याच्या हाताला दिवसातून तीनदा अँटिबायोटिकची इंजेक्शने जात होती. बाईंनी ती मोजली होती. आपल्या माणसाला एकच मिळाले, तेही थिएटरच्या आत, आपल्या डोळ्यांआड, याचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला होता: पैसे कमी भरले म्हणून औषध कमी. शिवाय त्यांचे आणखी एक म्हणणे होते आणि ते खोडून काढणे सोपे नव्हते. "टीव्हीवर तुम्हीच लोक सांगता ना, कोर्स अर्धा सोडू नका म्हणून?"

राऊंडवर उभ्याउभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मी स्टूल ओढून बसले. त्या मुलाच्या पोटात जंतू आधीच वाढलेले होते आणि वाढलेल्या जंतूंना मारायला काही दिवस लागतात, हे सांगितले. भाऊंच्या जांघेत तसे काही नव्हते. आम्ही छेद देणार, त्या वेळी त्यांच्याच कातडीवरचे काही जंतू आत पडणार, आणि ते पडतील त्या क्षणी तिथल्या रक्तात औषध हजर असले पाहिजे, एवढ्यासाठी ते इंजेक्शन होते. जखम शिवून झाली की पुढच्या डोसांना करायला काही काम उरत नाही. बाई ऐकत होत्या, पण त्यांना पटत नव्हते. तेवढ्यात खाटेवरून भाऊच म्हणाले, "अवो, सोयाबीन पेरलं का दोन दिवसांत मारतो ना आपण औषध, तण उगवायच्या आधीचं, तसं हाय ते. जे उगवलंच नाही त्याले रोज रोज काहून मारा?" बाईंनी बोटाचा बंद सोडला. इतकी वर्षे जी गोष्ट मी रुग्णांना समजावत आले, ती इतक्या नेमकेपणाने मला कधी सांगता आली नव्हती.

त्यांनी शेतात शिकलेली ही गोष्ट शल्यशास्त्राला प्रयोगशाळेत शिकावी लागली. अमेरिकेतले शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून वेगवेगळ्या वेळी प्रतिजैविक देऊन पाहिले. जंतू टोचण्याच्या आधी किंवा त्याच सुमाराला औषध दिले तर गाठ जवळजवळ उठत नव्हती, आणि तीन तास उलटून गेल्यावर दिले तर न दिल्यासारखेच होते. पुढे १९९२ साली डेव्हिड क्लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉल्ट लेक सिटीतल्या एका रुग्णालयातल्या २,८४७ रुग्णांचा हिशेब मांडला. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के जणांच्या जखमेत संसर्ग झाला होता. दोन तासांहून बरेच आधी मिळालेल्यांत हे प्रमाण ३.८ टक्के होते आणि छेदाला तीन तास होऊन गेल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. लवकर दिले तरी वाया आणि उशिरा दिले तरी वाया, असे हे औषध आहे.

मी शिकत होते त्या काळी बहुतेक ठिकाणी उलटा प्रकार चालत असे. सकाळी सहा वाजता वॉर्डातल्या यादीवरच्या सगळ्या रुग्णांना एकदम इंजेक्शन दिले जाई. यादीतला शेवटचा माणूस दुपारी एकला टेबलावर येई, तोवर ते औषध त्याच्या लघवीवाटे निघून गेलेले असे. शस्त्रक्रियेनंतर मात्र टाके काढेपर्यंत, म्हणजे सात-आठ दिवस, न चुकता डोस सुरू राहत. ज्या एका तासात औषधाची गरज होती त्या तासात ते रक्तात नव्हते आणि जेव्हा गरज संपली तेव्हा ते रोज जात होते. मीही तेच केले, कारण माझ्या वरचे सगळे तेच करत होते आणि जखमा बहुतेक वेळा भरूनही येत होत्या. त्या कशामुळे भरत होत्या याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आता पद्धत बदलली आहे. छेदाच्या आधीच्या साठ मिनिटांत, थिएटरमध्येच, बहुतेक वेळा भूलतज्ज्ञांच्या हातून, मोठ्या माणसाला दोन ग्रॅम सेफाझोलिन दिले जाते. वजन १२० किलोंवर असेल तर तीन ग्रॅम. शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे गेली किंवा दीड लिटरहून अधिक रक्त गेले, तर मध्येच पुन्हा एक डोस द्यायचा, कारण रक्तातले औषध तोवर विरळ झालेले असते. आणि शस्त्रक्रिया संपली की थांबायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालच्या मार्गदर्शनात हे शेवटचे वाक्य अगदी स्पष्टपणे लिहिले आहे. या चार-पाच ओळी पाठ करायला सोप्या आहेत. त्या रोज पाळणे अवघड आहे, कारण टेबलाभोवती सहा माणसे असतात आणि प्रत्येकाला वाटते की इंजेक्शन दुसऱ्याने दिले असेल.

म्हणूनच छेदाआधी सगळ्यांनी थांबायचे असते. नागपुरात धंतोलीतल्या ज्या रुग्णालयात मी आता काम करते तिथे हे थांबणे आमच्या थिएटर सिस्टरच्या हाती आहे. त्या यादी घेऊन टेबलाच्या पायथ्याशी उभ्या राहतात आणि त्यांचे वाचून संपेपर्यंत ट्रॉलीवरची सुरी माझ्या हातात येत नाही. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया कोणती, उजवी बाजू की डावी, रक्ताची सोय, आणि मग, "अँटिबायोटिक किती वाजता गेलं?" त्या "गेलं का" असे विचारत नाहीत, कारण त्याचे उत्तर सवयीने "हो" असेच येते. वेळ विचारली की घड्याळाकडे बघावे लागते. ही यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली पुढे आणली. तिच्यामागचे प्रमुख शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे, याचा आम्हा वैदर्भीयांना अभिमान आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. तो अभ्यास जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदाचे एक पान आणि दोन मिनिटांचा वेळ, याहून जास्त खर्च त्यात नाही.

या यादीचे मोल मला एका वेगळ्याच माणसाकडून कळले. छिंदवाड्याकडच्या एका रुग्णाला थिएटरमध्ये घेतले होते, सिस्टरचे वाचन सुरू होते आणि ॲलर्जीच्या रकान्यात "नाही" लिहिलेले होते. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या मावशी, ज्या त्याला वॉर्डातून ट्रॉलीवर आणत होत्या, हळूच म्हणाल्या, "मॅडम, लिफ्टमध्ये तो सांगत होता, मागे एका इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला म्हणून." केसपेपरवर तीन जणांनी त्याला ॲलर्जीबद्दल विचारल्याची नोंद होती. "ॲलर्जी" हा शब्द त्याला कळला नव्हता. मावशींनी काहीच न विचारता त्याने त्यांना सांगून टाकले, कारण त्या त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलत होत्या. सेफाझोलिन भरलेली सिरिंज भूलतज्ज्ञांच्या हातात होती, ती त्यांनी खाली ठेवली. पूर्वीचे इंजेक्शन नेमके कोणते होते ते समजायला मार्ग नव्हता, तेव्हा दुसऱ्या गटातले व्हँकोमायसिन निवडले. ते तासभर, सावकाश सोडावे लागते. शस्त्रक्रिया तेवढी लांबली आणि त्यानंतरच्या दोघांना दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत उपाशी ताटकळावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे वॉर्डात विचारतात ते असे: कधी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजले, दम लागला का?

इथवरचे सगळे सांगताना मला अडखळायला होत नाही. पुढचे सांगताना होते.

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत भीती वेगळ्या जातीची असते. हर्नियाच्या जखमेत पू झाला तर ती उघडून, धुऊन, ड्रेसिंग करून माणूस बरा होतो. मांडीतल्या बंद पडलेल्या रोहिणीला वळसा घालून आपण नवी वाट काढून देतो, आणि त्या वाटेला जर संसर्ग झाला तर शिवण सुटते, रक्त फुटून वाहू लागते, पाय जातो आणि कधी माणूसही जातो. ही वाट शक्यतो रुग्णाच्याच पायातल्या शिरेची करावी. शिरेत रक्त खाली उतरू नये म्हणून झडपा असतात, म्हणून ती शीर काढून उलटी करून जोडायची. १९४८ साली फ्रान्समध्ये झाँ कुन्लँ यांनी मांडीत असा बायपास केला आणि आजही त्याहून चांगली नळी कोणाला बनवता आलेली नाही. पण शीर प्रत्येकाची चांगली नसते. मग कृत्रिम नळी वापरावी लागते, आणि कृत्रिम नळीवर जंतू एकदा चिकटले की ते औषधाला दाद देत नाहीत. त्यातून छेद असतो जांघेत, घामाच्या जागी, आणि हे नागपूर आहे, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो.

अशाच एका उन्हाळ्यात, काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका रुग्णालयात मी भंडाऱ्याकडच्या एका आजींचा बायपास केला. त्यांचे वय ७०च्या आसपास होते, मधुमेह नव्हता, पण तरुणपणापासून तंबाखूची सवय होती. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि रात्र रात्र पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून त्या बसून राहत, कारण तसा ठेवला की ठणका थोडा कमी होई. त्यांची शीर तपासणीत दोऱ्याएवढी निघाली. मी कृत्रिम नळी बसवली. शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉपलरचा छोटा पेनासारखा यंत्रतुकडा घोट्यामागे टेकवला की रक्ताचा आवाज ऐकू येतो, सूंऽ सूंऽ असा, कोणी दारामागे जोरात झाडू मारावा तसा. पहिल्या रात्री तो आवाज आला तेव्हा त्यांच्या मुलाने विचारले, हा कशाचा आवाज, आणि मी सांगितल्यावर त्याने तो मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला. गावी फोन लावून बहिणीला ऐकवला. "मायच्या पायाचा आवाज आहे," असे तो तिला सांगत होता.

अँटिबायोटिक त्याच दिवशी थांबवायला हवे होते. माझ्या मनात मात्र जांघेतली ती नळी होती. बाहेरचा उकाडा होता आणि पूर्वी कधीतरी पाहिलेली, शिवण फुटून रक्ताने भिजलेली एक चादरही होती. दोन औषधे, दोन्ही मोठ्या पल्ल्याची, म्हणजे नाना प्रकारच्या जंतूंना मारणारी, मी चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी राऊंडवर निवासी डॉक्टरने विचारले, "मॅडम, आता बंद करायचं का? जखम कोरडी आहे." मी म्हणाले, "राहू दे." पाचव्या दिवशी त्याने पुन्हा विचारले आणि मी पुन्हा तेच म्हणाले. त्यानंतर त्याने विचारले नाही. "राहू दे" हे शब्द मी आजवर किती रुग्णांच्या बाबतीत उच्चारले असतील याची मोजदाद नाही. ते म्हणताना काळजी घेतल्यासारखे वाटते. खरे तर त्या क्षणी मी रुग्णाची जखम पाहत नव्हते. मी माझ्या भीतीची समजूत काढत होते आणि त्या भीतीचे औषध आजींच्या शिरेत जात होते.

नवव्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. दिवसाला पाच, मग दहा, मग मोजता येईनात. आतड्यात आपल्या उपयोगाचे असंख्य जंतू राहतात. मोठ्या पल्ल्याची औषधे त्यांनाही मारतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा, सहजी न मरणारा जंतू फोफावतो. वय जास्त आणि औषधाचे दिवस जास्त, की हा धोका वाढत जातो. शौचाच्या तपासणीत त्याचे विष सापडले. आम्ही औषधे थांबवली, त्यावरचे औषध तोंडाने सुरू केले, सलाईन लावले. पण त्या वयाच्या शरीरातले पाणी आणि रक्तदाब किती झपाट्याने उतरतो हे मला माहीत असूनही आम्ही मागेच पडत गेलो. अकराव्या दिवशी पहाटे मी डॉपलर टेकवला. आवाज आला नाही. जागा बदलली, जेल पुन्हा लावले, दाब कमी-जास्त केला. मुलगा शेजारी उभा होता आणि त्याच्या खिशात तो रेकॉर्ड केलेला आवाज होता.

रक्तदाब खाली गेला की कृत्रिम नळीतले रक्त संथ होते आणि गोठते. फोगार्टी कॅथेटरने, म्हणजे टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने, दोनदा गुठळी काढली, दोन्ही वेळा काही तासांत नळी पुन्हा बंद झाली. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. जांघेतली जखम, जिच्यासाठी मी हे सगळे केले होते, ती शेवटपर्यंत स्वच्छ आणि कोरडी राहिली. आजी वाचल्या. मी मुलाला बाजूला नेऊन सांगितले की जुलाब औषधामुळे झाले, औषध गरजेपेक्षा जास्त दिवस दिले गेले आणि ते माझ्या सांगण्यावरून दिले गेले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आता तर ते बंद आहे ना जी?"

त्या वाक्यानंतर मी बदलले.

आजींच्या पायात जंतूंचा त्रास मुळात नव्हताच. त्यांचा त्रास रक्त न पोहोचण्याचा होता. आमच्या ओपीडीत पायाची जखम घेऊन जे येतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत हा फरक कोणी त्यांना सांगितलेला नसतो. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली माणसे उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावरून चालतात आणि घरी आल्यावर तळव्याला फोड पाहतात. नवरात्रात कोराडीच्या देवीला अनवाणी चालत जाणारे भाविक दसऱ्यानंतर येतात, आणि मी त्यांना पुढच्या वर्षी चप्पल घालून जा असे म्हणते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी दुविधा दिसते तिचा मला आदर आहे. हे सगळे येताना हातात गोळ्यांच्या तीन-चार पट्ट्या घेऊन येतात. प्रत्येक पट्टीतल्या चार-पाच गोळ्या संपलेल्या, बाकीच्या तशाच. पट्टीवर उभी लाल रेघ असते, म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीप्रमाणे त्यांतल्या कित्येक औषधांची विक्री दुकानदाराने वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. चिठ्ठी कुठे आहे असे विचारले की उत्तर येते, शेजारच्याला याच गोळीने फरक पडला होता.

ज्या जखमेला सूज नाही, लाली नाही, पू नाही, वास नाही, ती उघडी असली तरी तिला प्रतिजैविकाची गरज नसते, हे पायाच्या मधुमेही जखमांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांचे एकमत आहे. तिला गरज असते भार हलका होण्याची, मेलेले मांस काढले जाण्याची, साखर आटोक्यात येण्याची आणि सर्वांत आधी रक्ताची. म्हणून मी कोणत्याही पायाला गोळी लिहिण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजते. दोन्हींचे गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाली आहे असे समजायचे; मधुमेहात वाहिन्या चुन्यासारख्या कडक होऊन हा आकडा खोटाच वाढलेला दिसतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायचा. औषध तोंडाने द्या की शिरेतून द्या, ते शेवटी रक्ताबरोबरच जाणार. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे औषध पोहोचत नाही. अशा पायाला महिनाभर अँटिबायोटिक देणे म्हणजे नहर फुटलेला असताना बांधावर खताची पोती रचून ठेवण्यासारखे आहे.

तंबाखूबद्दलही इथेच बोलले पाहिजे. विडी ओढणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या मुलांची पायाची बोटे काळी पडतात, तो आजार लिओ बर्गर यांनी १९०८ साली वर्णिला. त्यावर तंबाखू पूर्ण सोडणे याएवढा प्रभावी उपाय दुसरा नाही. ती चालू राहिली तर बायपास, औषधे, सगळे हरते. आपल्या जंगलातला तेंदूपत्ता आपल्याच पोरांच्या बोटांपर्यंत असा येऊन पोहोचतो. खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू घातलेल्या सुपारीची, पन्नी खिशात ठेवून जे मला "मी सिगारेट ओढत नाही" असे सांगतात, त्यांना मी ती पन्नी टेबलावर काढायला सांगते आणि शस्त्रक्रियेची तारीख चार आठवडे पुढे देते. शस्त्रक्रिया थांबण्यासारखी असेल तर हे चार आठवडे जखमेला कोणत्याही इंजेक्शनपेक्षा जास्त देतात.

बरे होण्याबद्दल बोलताना मराठीत जखमेसाठी किती शब्द आहेत ते मला नेहमी जाणवते. जखम चिघळते, पिकते, वाहते, सुकते, खपली धरते, आणि भरते. यांतला शेवटचा शब्द मला फार अचूक वाटतो. जखम बुजवली जात नाही, ती तळापासून स्वतः भरत येते. उघड्या ठेवलेल्या जखमेचे ड्रेसिंग रोज काढले तर चार-पाच दिवसांनी तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल, ओलसर मांस दिसू लागते, बोट लागले तर पटकन रक्त येते, आणि आमची सिस्टर म्हणते, "आता भरायला लागली." ते दाणे म्हणजे नव्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. ती घडवायला प्रथिने लागतात, आणि आमच्याकडे शस्त्रक्रिया झाली की घरातली मोठी माणसे आधी खाण्यावरच बंदी आणतात: आंबट नको, टाके पिकतील, वांगे नको, अंडे उष्ण. माणूस पंधरा दिवस वरणाचे पाणी आणि बिस्किटांवर राहतो, आणि जखम भरत नाही म्हणून मेडिकल स्टोअरमधून आणखी एक पट्टी आणली जाते. मी आता डिस्चार्जच्या वेळी रुग्णाशी कमी आणि त्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी जास्त बोलते. घट्ट वरण, अंडे, दही, भिजवलेले शेंगदाणे, जे घरात असेल ते द्या. दुसऱ्या दिवसापासून चालवा. साखर १८०च्या वर जाऊ देऊ नका. शस्त्रक्रियेआधी घरी वस्तऱ्याने केस काढू नका, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. गरज पडली तर आम्ही मशीनने काढू.

शेजारच्या खाटेवरच्या त्या मुलाचे सांगायचे राहिले. त्याचे छिद्र शिवले होते, पोट धुतले होते, पू काढला होता. अशा वेळी औषध किती दिवस द्यायचे, याचे उत्तर पूर्वी "ताप जाईपर्यंत, मग वर दोन दिवस" असे होते आणि ते दहा-बारा दिवसांपर्यंत सहज लांबत असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५१८ रुग्णांपैकी निम्म्यांना पू काढल्यानंतर जेमतेम चार दिवस औषध दिले आणि बाकीच्यांना लक्षणे ओसरल्यावरही दोन दिवस, म्हणजे सरासरी आठ दिवस. दोन्ही गटांतला परिणाम जवळपास सारखाच निघाला. मूळ घाण नीट काढली असेल तर चार दिवस पुरतात. मुलाचा चौथा दिवस उजाडला. ताप नव्हता, पोट मऊ होते, पहाटे त्याने सायीसकट दूध मागितले होते. तरीही चार्टवर रेघ मारताना माझा हात क्षणभर थबकलाच. जगात २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली, हा आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पण खाटेशी उभे राहिल्यावर आकडा आठवत नाही, समोरचा मुलगाच दिसतो, आणि "राहू दे" हे शब्द जिभेवर येतात.

मी रेघ मारली. त्याच्या आईसाठी स्टूल ओढले, स्वतः खाटेच्या कडेला टेकले आणि औषध का थांबवते आहे ते तिला सांगितले. रात्री थंडी वाजली, पोट फुगले, उलटी झाली तर कोणाला उठवायचे तेही सांगितले. मग पुढच्या खाटेकडे निघाले. मागून सिस्टरची हाक आली, "मॅडम, थांबवल्याची वेळ लिहायची राहिली." मी परत गेले, घड्याळ पाहिले आणि रेघेशेजारी लिहिले: सकाळी ९ वाजून १० मिनिटे.